चेहऱ्यालाही मुदत असावी

मामाने १९९२ साली शिकागोहून आल्यावर मला शंभर डॉलरची एक नोट दिली होती. ती मोडायचा धीर कधी झाला नाही. लोखंडी कपाटाच्या चोरकप्प्यात, आईच्या बांगड्यांच्या डबीखाली, ती तीसएक वर्षं पडून राहिली. दोन वर्षांपूर्वी एकदाची बाहेर काढली आणि पुण्यात कॅम्पातल्या, डॉलर-पौंड बदलून देणाऱ्या एका दुकानात घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलाने नोट उजेडात धरली नाही, बोटांनी चोळली नाही, यंत्रातही घातली नाही. नुसती बघितली आणि काचेखालून परत सरकवली.

"काका, ही स्मॉल हेडची आहे. बिग हेड असेल तर द्या."

मला काही कळेना. मग त्याने ड्रॉवरमधून एक नवी नोट काढून शेजारी ठेवली. दोन्हींवर तोच बेंजामिन फ्रँकलिन, तेच मागे गेलेलं कपाळ, तेच खांद्यावर आलेले केस. जुन्या नोटेवर तो मधोमध, अंड्याच्या आकाराच्या चौकटीत, पासपोर्ट फोटोसारखा अंग चोरून बसलेला. नव्या नोटेवर चौकट गेलेली, माणूस डावीकडे सरकलेला आणि डोकं चांगलंच वाढलेलं. नकली नोटांना आळा बसावा म्हणून अमेरिकेने १९९६ मध्ये हे मोठं डोकं आणलं, पण लहान डोक्याच्या नोटा रद्द केल्या नाहीत. १८६१ पासून तिथल्या सरकारने काढलेली प्रत्येक नोट आजही तिथे चालते. आपल्याकडे ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री जे झालं, त्याची धास्ती डॉलरवाल्याला नाही. पण कॅम्पातल्या त्या मुलाला अमेरिकेचा कायदा काय करायचाय? त्याच्या लेखी नोट म्हणजे डोकं. डोकं ओळखीचं नाही, तर नोट खोटी नसेल, पण नकोशी नक्की.

तेव्हापासून मला अमेरिकन नोटांवरची डोकी बघायचा नाद लागला. आणि तिथे गेली दहा वर्षं जो वाद चाललाय, वीस डॉलरच्या नोटेवर जुना राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन राहावा की गुलामगिरीतून पळालेली काळी स्त्री हॅरिएट टबमन यावी, तो वाचता वाचता वाटू लागलं की भांडण भलत्याच जागी चाललंय. कोणी बसावं यावर सगळे घसा कोरडा करतात. किती दिवस बसावं आणि बसवणार कोण, हे कोणी विचारत नाही.

मुळात अमेरिकेला पैशावर चेहरा नकोच होता. १७९२ मध्ये टाकसाळीचा कायदा होत होता, तेव्हा सिनेटचं म्हणणं होतं की नाण्यावर त्या-त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षाचं डोकं असावं. प्रतिनिधिगृहाने ते हाणून पाडलं. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचं तोंड असलेली नाणी वापरून ही माणसं विटली होती. राजाशी लढून मोकळे झालो, आता पुन्हा नाण्यावर आपलाच राजा कशाला, हा त्यांचा सवाल होता. मग नाण्यावर आली स्वातंत्र्याची देवता, म्हणजे कोणीच नाही. पुढची शंभराहून जास्त वर्षं अमेरिकेच्या चलनी नाण्यावर एकही राष्ट्राध्यक्ष नव्हता. (आपल्या शिवराईवरही चेहरा नाही, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपती'. एवढ्यावर तो पैसा चालला.)

कागदाने मात्र घोळ केला. यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६१-६२ मध्ये सरकारने कागदी नोटा छापायला घेतल्या आणि त्यांवर चेहरे आले. दहा डॉलरवर लिंकन, तोही हयात आणि गादीवर असताना. पण एक डॉलरची नोट, जी सर्वांत जास्त हातांत फिरणार, तिच्यावर कोणाचा चेहरा असावा? अर्थमंत्री सॅमन चेस यांचा. ठरवणारे कोण? अर्थमंत्री सॅमन चेस. या गृहस्थांना राष्ट्राध्यक्ष व्हायचं होतं ही काही लपलेली गोष्ट नव्हती. निवडणुकीचा प्रचार आणि सरकारी छापखाना यांचा इतका सोयीचा संसार पुन्हा क्वचितच कोणाला जमला असेल.

त्याच्यावर कडी केली स्पेन्सर क्लार्क नावाच्या अधिकाऱ्याने. युद्धात नाणी बाजारातून गायब झाली, म्हणून सरकारने सुट्ट्या पैशांच्याही चिटुकल्या नोटा काढल्या होत्या. क्लार्क त्या छपाईचा प्रमुख. पाच सेंटच्या नोटेवर त्याने स्वतःचाच दाढीवाला फोटो छापून टाकला. काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, खवळली आणि १८६६ मध्ये कायदा झाला की सरकारी नोटेवर वा रोख्यावर जिवंत माणसाचं चित्र छापायचं नाही. आजही तो कायदा जागेवर आहे. अमेरिकन पैशाच्या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा कायदा हाच. एका कारकुनी वृत्तीच्या माणसाच्या हौसेपायी झाला, म्हणून तर फारच आवडतो.

पण त्या कायद्याने अर्धंच काम केलं. हयात माणसाला दार बंद केलं. मेलेल्याला आत घेतल्यावर बाहेर कधी काढायचं, ते सांगितलं नाही. आणि मेलेल्यांमधून निवड कोणी करायची, तर तीही अर्थमंत्र्यानेच, जशी चेसने केली तशी.

नाण्यांवरचं सोवळं १९०९ मध्ये सुटलं. लिंकनच्या जन्मशताब्दीला एक सेंटवर तो आला आणि मग रांगच लागली. १९३२ मध्ये वॉशिंग्टन, १९३८ मध्ये जेफरसन. फ्रँकलिन रूझवेल्ट वारल्याला वर्षही झालं नव्हतं तेव्हा तो दहा सेंटवर होता. केनेडी तर काही महिन्यांतच. दुःख ताजं असताना घेतलेले निर्णय आहेत हे. श्रद्धांजलीचा ठराव करावा तशी नाणी पडली, फरक इतकाच की ठराव विसरला जातो, नाणं खिशात राहतं.

नोटांचं आजचं रूप १९२८ चं. त्याआधी नोटांचे आकार, रंग, चित्रं यांचा नुसता बाजार होता. १८८६ च्या एक डॉलरवर मार्था वॉशिंग्टन होती. १८९९ च्या पाच डॉलरवर लाकोटा जमातीचा रनिंग अँटिलोप हा प्रमुख होता. त्याच्या डोक्यावर छापलेला पिसांचा मुकुट मात्र पॉनी जमातीचा, म्हणजे त्याच्या जुन्या वैऱ्यांचा. मराठा सरदाराला मुघली पगडी घालून छापावं, तसलाच प्रकार. हे सगळं गुंडाळून अर्थखात्याने एक समिती नेमली. तिने ठरवलं की लोकांच्या मनात राष्ट्राध्यक्षांचे चेहरे जास्त टिकतात, तेव्हा तेच छापावेत. मग अर्थमंत्र्यांनी त्यात राष्ट्राध्यक्ष नसलेले हॅमिल्टन, फ्रँकलिन आणि पुन्हा एकदा चेस घुसवले. वीसवर आधी ग्रोव्हर क्लीव्हलँड हा राष्ट्राध्यक्ष होता, त्याला उचलून हजाराच्या नोटेवर टाकलं आणि त्याच्या जागी जॅक्सन आणला. जॅक्सनच का, याचं उत्तर खुद्द अर्थखात्याच्या दप्तरात नाही.

'जॅक्सनला काढणं म्हणजे इतिहास पुसणं' असं म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय की १९२८ मध्ये क्लीव्हलँडला काढलं तेव्हा कोणता इतिहास पुसला गेला? एकाही घरात त्या रात्री चूल बंद राहिली नसेल.

बरं, हा जॅक्सन कोण? गरिबीतून वर आलेला, सामान्य गोऱ्या माणसाला मताचं महत्त्व मिळवून देणारा नेता, हे खरं. नॅशव्हिलजवळच्या त्याच्या मळ्यावर तो वारला तेव्हा सुमारे दीडशे गुलाम होते, हेही खरं. १८३० मध्ये त्याने मूळनिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हुसकून लावण्याचा कायदा करून घेतला. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांतल्या चेरोकी जमातीच्या बाजूने निकाल दिला, त्याची बूज राखली नाही. १८३८-३९ च्या हिवाळ्यात, जॅक्सन पायउतार झाल्यावर पण त्याच्याच कायद्याने, सुमारे सोळा हजार चेरोकींना जॉर्जिया आणि आसपासच्या मुलखातून आजच्या ओक्लाहोमापर्यंत हाकलत नेलं. त्यातले चारएक हजार मेले असावेत असा अंदाज आहे. त्या रस्त्याला ते 'अश्रूंची वाट' म्हणतात. आजही काही चेरोकी माणसं वीसची नोट हातात घेत नाहीत, दोन दहाच्या मागतात.

आणखी एक गंमत, म्हणजे गंमत म्हणावी तर. जॅक्सनला कागदी पैशाचा तिटकारा होता. त्या काळच्या राष्ट्रीय बँकेची सनद वाढवायला त्याने १८३२ मध्ये नकार दिला आणि ती बँक संपवली. १८३६ मध्ये फर्मान काढलं की सरकारी जमीन घ्यायची तर सोनं-चांदी मोजा, कागद चालणार नाही. त्याच माणसाचा चेहरा कागदावर, आणि डोक्यावर मध्यवर्ती बँकेचं नाव. जन्मभर दारूबंदीचा प्रचार केलेल्या माणसाचं नाव परमिट रूमला द्यावं, तसं झालं हे. ज्याने कोणी हे केलं, त्याला एकतर इतिहास ठाऊक नव्हता किंवा विनोदबुद्धी फार होती.

जॅक्सनला घालवायचा विचार २०१५ मध्ये जोरात आला, पण आधी उलटा निघाला. ओबामांचे अर्थमंत्री जॅक लू यांनी जाहीर केलं की दहाच्या नोटेवर एखादी स्त्री येईल. म्हणजे जाणार होता हॅमिल्टन, देशाचा पहिला अर्थमंत्री, डॉलरच्या व्यवस्थेचा पायाच ज्याने घातला तो. नेमकं त्याच वर्षी त्याच्यावरचं संगीत नाटक ब्रॉडवेवर तुफान चाललं आणि हॅमिल्टनला एकाएकी कैवारी मिळाले. एप्रिल २०१६ मध्ये लू यांनी मोहरा वीसच्या नोटेकडे वळवला: टबमनबाई पुढे, आणि जॅक्सन? जॅक्सन मागच्या बाजूला, व्हाइट हाउससोबत! गुलामगिरीतून पळालेली बाई आणि गुलामांचा मालक, पाठीला पाठ लावून, एकाच कागदावर कायमचे. तडजोड म्हणावी तर ही इतकी ओंगळ तडजोड की यापेक्षा सरळ नकार बरा.

टबमनबाईंची योग्यता मी काय सांगावी! मेरीलँडमध्ये १८२२ च्या सुमारास गुलामीत जन्म. १८४९ मध्ये पळाल्या, तेव्हा मालकिणीने छापलेली जाहिरात आजही उपलब्ध आहे: 'मिंटी' (हे टबमनबाईंचं तेव्हाचं नाव) आणि तिचे दोन भाऊ, राज्याबाहेर पकडले तर प्रत्येकी शंभर डॉलर, राज्यातच सापडले तर पन्नास. पळून गेल्या आणि परत आल्या, तेराएक वेळा, आणि दरवेळी माणसं सोडवून नेली, सुमारे सत्तर. युद्धात हेरगिरी केली. १८६३ च्या जूनमध्ये साउथ कॅरोलिनातल्या कॉम्बाही नदीवरच्या स्वारीत वाट दाखवली आणि सातशेहून अधिक गुलाम एका रात्रीत मोकळे झाले. एवढं करून सरकारकडून पेन्शन मिळवायला म्हातारपणापर्यंत अर्ज-विनंत्या. आधी सैनिकाची विधवा म्हणून महिना आठ डॉलर मिळाले. १८९९ मध्ये काँग्रेसने त्यांच्या स्वतःच्या सेवेची दखल घेत ते वाढवले. किती? महिना वीस डॉलर.

असं असताना त्यांना वीसवर आणायला कोण नको म्हणेल? पण काही काळ्या स्त्रियांनीच नको म्हटलं, आणि त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. जिची किंमत डॉलरात छापली गेली, तिला डॉलरवरच छापणं हा सन्मान कसा? यादवीत दक्षिणेच्या बंडखोर सरकारने १८६२ मध्ये काढलेल्या शंभराच्या नोटेवर कापसाच्या शेतात खुरपणारे गुलाम आहेत. म्हणजे काळी माणसं अमेरिकेतल्या कागदी पैशावर याआधीही आलेली आहेत, तारण म्हणून. मी पुण्यात बसून त्या स्त्रियांना उत्तर देणं शोभणार नाही. मला एवढंच दिसतं की मिंटीच्या जाहिरातीतली रक्कम आणि माझ्या कपाटातल्या नोटेवरची रक्कम एकच आहे, आणि त्या नोटेवरच्या फ्रँकलिनने स्वतः गुलाम बाळगले होते. म्हातारपणी तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला, तेही खरंच. आज छापल्या जाणाऱ्या सात नोटांवरच्या सात पुरुषांपैकी निदान पाच जण कधी ना कधी गुलामांचे मालक होते. लिंकनला वगळा आणि हॅमिल्टनबद्दल भांडत बसा.

२०१६ नंतर काय झालं ते माझ्या मुद्द्याला जास्त उपयोगी आहे. ट्रम्प यांनी उमेदवार असतानाच टबमनबाईंच्या निवडीला निव्वळ राजकीय दिखावा म्हटलं आणि हवं तर दोनच्या नोटेवर टाका असं सुचवलं. दोनची नोट तिथे हौशी लोक जपून ठेवतात, वापरत कोणी नाही. निवडून आल्यावर जॅक्सनचं तैलचित्र त्यांनी आपल्या कचेरीत लावलं. २०१९ मध्ये त्यांच्या अर्थमंत्र्यांनी सांगितलं की नवं चित्र २०२८ च्या आधी काही येणार नाही. २०२१ मध्ये बायडन सरकार म्हणालं, आम्ही घाई करतो. चार वर्षं गेली, नोट आली नाही. नव्या वीसच्या छपाईचं वेळापत्रक मुळातच २०३० चं होतं.

अर्थमंत्री बदलला की नोटेवरचं डोकं बदलतं, आणि नोट छापून व्हायच्या आत अर्थमंत्री पुन्हा बदलतो. एका माणसाच्या सहीने येणारी गोष्ट दुसऱ्याच्या सहीने जाते. म्हणून मी टबमनबाईंच्या बाजूचा असूनही टबमनवाद्यांच्या मागणीला पुरेसं समजत नाही. त्यांना जॅक्सनच्या जागी टबमन हव्यात, त्याही अशाच कायमच्या. जागा तीच, पट्टा तोच, भाडेकरू तेवढा नवा.

माझं म्हणणं साधं आहे. ज्या देशाने राष्ट्राध्यक्षाला दोनच निवडणुकांची मर्यादा घातली, त्याने मेलेल्या राष्ट्राध्यक्षाला नोटेवर सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव वर्षं का बसू द्यावं? नकली नोटांमुळे दर काही वर्षांनी नोटेचा साचा बदलावाच लागतो. साचा बदलला की चेहराही बदलावा, असा नियम करावा. आणि नाव ठरवावं काँग्रेसने, उघड चर्चा करून, मतदान घेऊन; अर्थमंत्र्याने बंद दाराआड नव्हे.

मुदतीने चेहरे बदलणं जमत नाही असं कोणी म्हणू नये, कारण नाण्यांत त्यांनी ते करून दाखवलंय. २०२२ ते २०२५ या चार वर्षांत पाव डॉलरच्या नाण्यावर वर्षाला पाच अशा वीस स्त्रिया आल्या, काँग्रेसने केलेल्या कायद्याने, ठरलेल्या मुदतीसाठी. पहिल्याच वर्षी त्यात होत्या विल्मा मॅनकिलर, चेरोकी राष्ट्राच्या पहिल्या स्त्री-प्रमुख. माझ्या भाच्याला न्यू जर्सीत कपडे धुवायच्या यंत्रात टाकायला सुट्टे लागतात, त्यात त्याला हे नाणं मिळालं. त्याने मला फोटो पाठवला. खांद्यावर शाल, बाजूला चेरोकी लिपीतली अक्षरं. त्याच्या पाकिटात त्या दिवशी जॅक्सनही असणार. कोणी दंगा केला नाही, कोणाचा इतिहास बुडाला नाही.

स्त्रियांना याआधी डॉलरची जी नाणी दिली ती मात्र न चालणारीच. १९७९ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सुझन अँथनींचं डॉलरचं नाणं काढलं, ते आकाराने पाव डॉलरसारखंच. लोक गोंधळले आणि वापरेनात. २००० मध्ये साकागाविया या मूळनिवासी स्त्रीचं सोनेरी नाणं आलं, पण कागदी डॉलर बंद केला नाही, मग नाणं कोण बाळगणार? मान द्यायचा आणि तो खिशाबाहेर ठेवायचा, याला आपल्याकडे हळदीकुंकवाला बोलावून वाणाचं ताट लपवणं म्हणतील.

आता कॅम्पातल्या त्या मुलाचा आक्षेप, कारण खरा वजनदार आक्षेप तोच आहे. डॉलर हा फक्त अमेरिकेचा पैसा नाही. शंभराच्या नोटा तर मोठ्या संख्येने देशाबाहेरच राहतात, कपाटांत, गाद्यांखाली, दुकानांच्या ड्रॉवरमध्ये. फ्रँकलिनचं नुसतं डोकं मोठं केलं तर जुनी नोट परदेशात अडते. उद्या फ्रँकलिनच गेला तर काय होईल? शिवाय माणसाच्या डोळ्याला चेहऱ्यातला बारीक फरक चटकन कळतो, म्हणून नोटेवर चेहरा कोरणं हीच मुळात नकलीविरुद्धची युक्ती आहे. हे सगळं मला मान्य आहे. म्हणून शंभराला सवलत द्यायची असेल तर द्या, ती जगाची नोट आहे. वीसची नोट मात्र अमेरिकेच्या एटीएममधून बाहेर पडते, किराणा दुकानात जाते, टिप म्हणून टेबलावर राहते. ती घरातली नोट आहे. घरातल्या भिंतीवरचा फोटो बदलायला शेजाऱ्याला विचारावं लागत नाही.

दुसरा आक्षेप भांडणांचा. दर दहा-पंधरा वर्षांनी नाव ठरवायचं म्हटलं की प्रत्येक गटाला आपला माणूस हवा. होईल तसं. २०२२ मध्ये दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी आपल्या नोटांवर लक्ष्मी-गणेश हवेत म्हटलं आणि दोन-चार दिवसांत कोणी शिवाजी महाराज सुचवले, कोणी बाबासाहेब. आपण तो तमाशा बघितलाय. पण पट्टा कायमचा असेल तर भांडण जिवावरचं होतं. पुढची पाळी आपली येऊ शकते एवढं जरी माहीत असलं, तरी माणूस जरा खालच्या आवाजात भांडतो.

आणि क्लार्कच्या दाढीने मिळवून दिलेलं ते कुंपण, जिवंत माणूस नको हे, त्याला हात लावू नये. २०२५ मध्ये ट्रम्प यांचा चेहरा असलेली २५० डॉलरची नोट काढावी असं विधेयक प्रतिनिधिगृहात मांडलं गेलं, शंभरावरून फ्रँकलिनला उठवून तिथे त्यांना बसवा असं दुसरं, आणि ऑक्टोबरात त्यांची छबी असलेल्या डॉलरच्या नाण्याचे आराखडे अर्थखात्याकडूनच पुढे आले. याआधी १९२६ मध्ये कूलिज राष्ट्राध्यक्ष असताना त्याचा चेहरा अर्ध्या डॉलरच्या स्मारक-नाण्यावर छापला होता. दहा लाख पाडली, बहुतेक खपली नाहीत, परत नेऊन वितळवली. बाजाराला तेव्हा काँग्रेसपेक्षा जास्त अक्कल होती.

माझी ती नोट शेवटी भाच्याबरोबर न्यू जर्सीला गेली. तिथल्या बँकेतल्या मुलीने तिच्यावर पेनाने एक रेघ मारली, रंग बघितला, डोक्याकडे पाहिलंही नाही आणि सुट्टे दिले. भाच्याने संध्याकाळी फोटो पाठवला: स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओळीने मांडलेल्या पाच नोटा. पाचही वीसच्या. पाचही जॅक्सन.